तीन वर्षांची डिग्री परदेशात ‘चालते’ का?

प्रश्न खानापूरच्या एका मामांचा आहे. भाची बेळगावच्या कॉलेजातून, राणी चन्नम्मा विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. झाली आहे. विषय फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, 68 टक्के. भाचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई.ला गेला, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ), सीजीपीए म्हणजे दहापैकी सरासरी ग्रेड 7.4. तिला इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत केमिस्ट्रीतून एम.एस्सी. करायची आहे, त्याला जर्मनीत एम.एस. किंवा दुबईत नोकरी. एजंट म्हणतो, ‘तीन वर्षांची डिग्री बाहेर चालत नाही, आमच्याकडून इक्विव्हॅलन्स काढून घ्या.’ यात खरं किती?

एजंटानं अमेरिकेची गोष्ट सगळ्या जगाला लावली आहे. आणि ‘इक्विव्हॅलन्स’ म्हणून तो जे काढून देणार, तो बहुधा अटेस्टेशनचा शिक्का असेल. त्या दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत, त्याकडे पुढं येतोच.

आधी ‘चालते’ हा शब्द बाजूला ठेवा. डिग्रीबद्दल विचारणारे तीन जण असतात आणि तिघांचे प्रश्न वेगळे. विद्यापीठ विचारतं, की या पोरीला आमच्या पहिल्या सेमिस्टरचं झेपेल का. व्हिसा खातं किंवा नोकरी देणारा विचारतो, की ही आमच्याकडच्या बॅचलरच्या पातळीची आहे का. नर्सिंग, मेडिकलसारख्या धंद्यांत तिथली कौन्सिल विचारते, की हिला लायसन्स द्यावं का. एकाच डिग्रीला पहिल्याकडून होकार, दुसऱ्याकडून ‘अंशतः’ आणि तिसऱ्याकडून नकार मिळू शकतो, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून समकक्षतेचा कागद काढायच्या आधी तो कोणाला दाखवायचा आहे ते लिहून काढा. नाहीतर कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी काढलेला रिपोर्ट जर्मनीच्या अर्जाला जोडला जातो आणि पैसे पाण्यात जातात.

तीन आणि चार वर्षांचं भांडण मुळात शाळेच्या वर्षांचं आहे. आपली दहावी, मग दोन वर्षं पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आणि तीन वर्षं डिग्री, एकूण 15. अमेरिकेत शाळा 12 वर्षांची आणि बॅचलर 4 वर्षांची, म्हणजे 16. इंग्लंडमध्ये बॅचलर तीनच वर्षांची, पण त्याआधी शाळा 13 वर्षांची आणि शेवटची दोन वर्षं तीन-चार विषयच धरून ए-लेव्हल. तिथंही बेरीज 16 येते. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स डिग्री 4 वर्षांची. आपण विद्यापीठाचा साचा इंग्लंडचा घेतला, शाळेचं तेरावं वर्ष मात्र घेतलं नाही. ‘सोळा वर्षांचं शिक्षण हवं’ अशी अट जिथं दिसते, तिथं हे एक वर्ष नडतं. बी.ई.ला ही अडचण नाही, 12 अधिक 4.

आपल्या बेळगाव-कोल्हापूरच्या सीमाभागात हा हिशेब आणखी गुंतलाय. कर्नाटकानं 2021-22 पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या ऑनर्सची सोय केली आणि मे 2024 मध्ये सरकारनं ती मागं घेऊन 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांची डिग्री आणली. तिकडं महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांना हेच धोरण 2024-25 पासून लागू झालं. म्हणजे निपाणीची पोर तीन वर्षांत बाहेर पडणार आणि पलीकडं कागलची तिची मावसबहीण शिवाजी विद्यापीठाखाली चौथं वर्ष करून ऑनर्स घेऊ शकणार. परदेशी विद्यापीठाला यातलं काही माहीत नसतं, त्याला फक्त मार्क्स कार्ड दिसतं. म्हणून तुमची बॅच कोणत्या स्कीमची (अभ्यासक्रमाच्या आराखड्याची), हे अर्जात एका ओळीत लिहिलेलं बरं. 2021 ते 2023 च्या दरम्यान कर्नाटकात प्रवेश घेतलेल्यांनी आपल्या कॉलेजात चौथ्या वर्षाचा पर्याय आहे का ते विचारावं. अमेरिकेचा विचार असेल तर हे एक वर्ष दोन वर्षांच्या एम.एस्सी.पेक्षा स्वस्त पडतं.

आता भाचीचं बघू. इंग्लंडला तिची तीन वर्षांची डिग्री पुरते. तिथं बहुतेक विद्यापीठं भारतातल्या तीन वर्षांच्या बॅचलरवर एम.एस्सी.ला घेतात आणि निर्णय स्वतः करतात. प्रत्येकाच्या वेबसाइटवर ‘इंडिया’ असं पान असतं आणि त्यावर भारतीय विद्यापीठांकडून किती टक्के लागतात ते दिलेलं असतं. साधारण 55 ते 65 च्या आसपास, नावाजलेल्या ठिकाणी त्याच्या वर. 68 टक्क्यांत तिला बऱ्यापैकी निवड करता येईल. इंग्लंडची वर्गवारी मात्र आपल्या फर्स्ट क्लासशी जुळवू नका. तिथं 70 च्या वर फर्स्ट, 60 ते 69 अप्पर सेकंड, 50 ते 59 लोअर सेकंड. हे आकडे त्यांच्या पेपर तपासण्याच्या पद्धतीतले आहेत. आपल्या 68 चं तिथलं रूप काय, ते विद्यापीठाच्या त्या पानावरूनच कळतं. यूके एनिक म्हणून तिथली समकक्षता सांगणारी संस्था आहे (2021 पर्यंत तिचं नाव नॅरिक होतं). तिचा कागद प्रवेशासाठी सहसा लागत नाही. मागितला तरच काढा.

एक गोष्ट मात्र इंग्लंडला जायच्या आधीच ठरवून टाका. तिथली एम.एस्सी. एका वर्षाची, 180 क्रेडिटची. ईसीटीएस या युरोपच्या क्रेडिटच्या मापात ती 90 होते, कारण इंग्लंडचे दोन क्रेडिट म्हणजे एक ईसीटीएस. युरोपात मास्टर्सपर्यंतची बेरीज सर्वसाधारणपणे 300 धरतात. तिची तीन वर्षं पूर्ण 180 धरली तरी एकूण 270 होतात. पुढं जर्मनीत पीएच.डी. करायचा विचार असेल, तर हा 30 चा खड्डा तेव्हा समोर येतो. नोकरीच करायची असेल तर याची काळजी नको.

जर्मनीत भाचीला अडचण येईल, पण एजंट सांगतो त्या कारणानं नाही. डिग्र्यांचा साचा सगळीकडं सारखा करायच्या 1999 च्या बोलोन्या करारानंतर युरोपात बॅचलर 180 ते 240 ईसीटीएसची झाली. एका वर्षाला 60, आणि एक ईसीटीएस म्हणजे वर्ग, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास असं सगळं मिळून 25 ते 30 तास. तीन वर्षांची बॅचलर जर्मनीतही सर्रास आहे, तेव्हा वर्षं नडत नाहीत. नडतो तो आपल्याकडचा तीन विषयांचा साचा. तिनं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही सारख्या वजनानं केले, शिवाय भाषा आणि सक्तीचे पेपर. 180 मधून भाषा वगैरेंचे तीस-पस्तीस वजा करा, उरलेल्याचे तीन भाग करा. केमिस्ट्रीच्या वाट्याला 48-50 येतात. जर्मन पोराच्या केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.त जवळपास सगळं केमिस्ट्री, त्याला लागणारं गणित-फिजिक्स आणि प्रयोगशाळाच असते. प्रवेश समिती तुलना करते ती या दोन आकड्यांची. म्हणून ‘डिग्री मान्य आहे, पण विषयातले क्रेडिट कमी’ असा नकार येतो आणि इकडं घरी त्याचा अर्थ ‘तीन वर्षांची चालत नाही’ असा होतो.

त्यातून वाट काय? काही कोर्सेस कमी पडलेले क्रेडिट पहिल्या वर्षात भरून घ्यायच्या अटीवर प्रवेश देतात. किती तूट चालेल ते कोर्सच्या नियमावलीत असतं. ती नियमावली जर्मन भाषेत असली तरी मशीनवर भाषांतर करून वाचाच, इंग्रजी माहितीपत्रकात ही कलमं नसतात. आणि एकूण किती मागितलेत ते बघा. दोन वर्षांच्या, 120 ईसीटीएसच्या मास्टर्सला बहुधा 180 ची बॅचलर चालते. दीड वर्षाच्या, 90 च्या मास्टर्सला 210 मागतात. तिथं तीन वर्षांवाल्यांनी अर्जाची फी घालवू नये. पोरीचं मन जर्मनीतच असेल, तर धारवाडला किंवा बेळगावात केमिस्ट्रीची एम.एस्सी. करून मग जाणं हा बरा मार्ग. एजंटाचं ‘चालत नाही’ इथं चुकून, दुसऱ्याच कारणानं, बरोबर बसतं.

भाच्याचं गणित वेगळं. त्याच्या बी.ई.ला पातळीची अडचण नाही, पण तीन ठिकाणी त्याचा अर्ज अडखळू शकतो.

पहिली जागा म्हणजे लॅटरल एंट्री. डिप्लोमावाला तिसऱ्या सेमिस्टरपासून सुरू करतो, त्यामुळे त्याच्या मार्क्स कार्डांवर तीन ते आठ एवढीच सेमिस्टरं दिसतात. परदेशात बसलेला माणूस म्हणतो, पहिलं वर्ष कुठं गेलं? ही तर तीन वर्षांची डिग्री! म्हणून डिप्लोमाच्या सहाही सेमिस्टरची मार्क्स कार्डं, डिप्लोमा सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश नियमानं मिळाल्याचं कॉलेजचं पत्र, असे तिन्ही कागद पहिल्याच पाकिटात घाला. नंतर ते मागतात तेव्हा मुदत संपत आलेली असते.

दुसरी जागा क्रेडिटची. आपले क्रेडिट आणि ईसीटीएस एक नव्हेत. आपल्याकडं आठवड्याला एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रॅक्टिकल, सेमिस्टरभर, म्हणजे एक क्रेडिट. व्हीटीयूची 2018 ची स्कीम 175 क्रेडिटची. चार वर्षांचे युरोपात 240 होतात. 240 ला 175 नं भागा, 1.37 येतात. प्रत्येक विषयाचे क्रेडिट 1.37 नं गुणायचे. तुमची स्कीम 160 क्रेडिटची असेल तर गुणक 1.5 येतो. समजा मास्टर्सच्या जाहिरातीत ‘गणितात किमान 24 ईसीटीएस’ असं आहे आणि पहिल्या वर्षापासून बी.ई. केलेल्या एखाद्याचे गणिताचे चार पेपर मिळून 14 क्रेडिटचे आहेत. 14 गुणिले 1.37 म्हणजे 19. पाच कमी. अशा वेळी न्यूमरिकल मेथड्स, प्रोबॅबिलिटी, ऑप्टिमायझेशन असे गणितातच जमा होतील असे पेपर इतर नावांनी झालेत का ते शोधायचं आणि त्यांचा सिलॅबस मॉड्यूलवार जोडायचा. नुसतं पेपरचं नाव ‘इंजिनिअरिंग’नं सुरू होत असेल तर समिती ते गणितात धरत नाही, सिलॅबस बघून मात्र धरू शकते. लॅटरल एंट्रीवाल्यांचा पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर झालेलाच नसतो. त्यांनी जो ब्रिज पेपर (ती तूट भरायचा जादा पेपर) दिला त्याला बहुधा क्रेडिट नसतात. त्यामुळे या मुलांची गणितातली तूट इतरांपेक्षा मोठी दिसते. अर्ज करायच्या आधी ही बेरीज घरी बसून करा. एका कागदावर चार रकाने पुरतात: पेपरचं नाव, आपले क्रेडिट, गुणून आलेले ईसीटीएस, तिकडचा विषय.

तिसरी जागा मार्कांची, आणि सगळ्यात जास्त पोरं इथं स्वतःच्या हातानं नुकसान करून घेतात. जर्मनीत 1.0 सर्वांत चांगला आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. आपले मार्क तिकडं नेण्याचं सूत्र, ज्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात, असं: सर्वाधिक शक्य गुणातून तुमचे गुण वजा करा, त्याला, सर्वाधिक गुणातून पासिंगचे गुण वजा करून आलेल्या आकड्यानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. भाच्याचा सीजीपीए 7.4, सर्वाधिक 10, पासिंग ग्रेड पॉइंट 4 धरू. मग 2.6 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1. उत्तर 2.3.

आता हाच पोरगा आधी सीजीपीएचे टक्के काढतो. व्हीटीयूच्या 2015 आणि 2018 च्या स्कीमला सूत्र होतं, सीजीपीएतून 0.75 वजा करून दहानं गुणायचं. 66.5 टक्के आले. हे टक्के तो त्याच जर्मन सूत्रात घालतो, सर्वाधिक 100, पासिंग 40. आता 33.5 भागिले 60, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.67. एकच मुलगा, एकच मार्क्स कार्ड, एकदा 2.3 आणि एकदा 2.67. आणि कोर्सची अट समजा 2.5 ची आहे. दोनदा रूपांतर केलं की असं होतं. मार्क्स कार्डावर जे माप छापलंय त्याच मापात सूत्र लावायचं, आणि पासिंगचा आकडा त्याच कार्डाच्या मागून किंवा नियमावलीतून घ्यायचा, अंदाजानं नाही. टक्क्यांवाल्या जुन्या स्कीममध्ये पासिंगचा आकडा बदलला की उत्तर बदलतं: 68 टक्क्यांना पासिंग 35 धरलं तर 2.48, 40 धरलं तर 2.6, 50 धरलं तर 2.92. भाचीनं आपल्या विद्यापीठाचं पासिंग किती ते कार्डावरून बघावं. पेपरला एक आणि एकूणला एक असे दोन आकडे असतील तर डिग्री मिळायला एकूण किती लागतात तो घ्यावा.

जर्मनीच्या कागदांचा क्रम सांगतो, कारण तिथं नावं सारखी वाटतात आणि घोळ होतो. अनाबिन हा त्यांच्या सरकारी खात्याचा फुकट डेटाबेस आहे. त्यात विद्यापीठाला एच प्लस, एच प्लस-मायनस किंवा एच मायनस असा शेरा असतो. तिथं कॉलेजचं नाव टाकून शोधतात, ते सापडत नाही आणि घरात रडारड. संलग्न कॉलेज तिथं सहसा नसतं. डिग्रीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे ते शोधायचं. ऑटोनॉमस कॉलेज असलं तरी डिग्री विद्यापीठाचीच असते. एच प्लस हा शेरा संस्थेचा आहे. डिग्रीचा शेरा वेगळ्या पानावर असतो आणि नोकरीच्या व्हिसाला दोन्ही पानांची प्रिंट लागते. डिग्री तिथं न सापडली, तर झेडएबी या कार्यालयाकडून समकक्षतेचं पत्र पैसे भरून काढायचं. शिक्षणाला जाणाऱ्याला ते पत्र सहसा लागत नाही. त्याला लागतं ते एपीएस सर्टिफिकेट, 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसाला सक्तीचं. फी 18,000 रुपये. हे सर्टिफिकेट फक्त एवढंच सांगतं, की कागद खरे आहेत आणि पोरगं अर्जाला पात्र आहे. प्रवेश त्यानं मिळत नाही, पण ते नसलं तर बऱ्याच ठिकाणी अर्जही घेत नाहीत. त्याला काही आठवडे जातात, तेव्हा शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागताच पहिलं काम हे. त्यानंतर यूनी-असिस्ट, जे अनेक विद्यापीठांसाठी अर्जांची छाननी करतं. त्याची पहिल्या अर्जाची फी 75 युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला 30. भाषेच्या परीक्षेची फी आणखी वेगळी.

दुबईला यातलं काहीच कामाचं नाही. तिकडं पहिल्यांदा लागतं ते अटेस्टेशन. ही सही खऱ्या अधिकाऱ्याची आहे, एवढंच अटेस्टेशन सांगतं. डिग्रीच्या पातळीबद्दल ते अवाक्षर काढत नाही. एजंट ‘इक्विव्हॅलन्स’ म्हणून हेच विकतात. क्रम असा: आधी राज्य सरकारचं खातं, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास. हेग करारात (एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मान्य करण्याचा करार) असलेल्या देशांना दूतावासाची पायरी नाही, मंत्रालयाचं अपॉस्टील, म्हणजे तो शिक्का, पुरतो. भारत 2005 मध्ये त्या करारात आला. ओमान, बहरीन आधीपासून त्यात आहेत, सौदी डिसेंबर 2022 पासून. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही, म्हणून दुबईला तिसरी पायरी लागते.

सीमाभागातल्या माणसाची फसगत होते ती पहिल्या पायरीवर. डिग्री ज्या राज्यातून मिळाली त्याच राज्याचं खातं तिच्यावर शिक्का मारतं. व्हीटीयू, राणी चन्नम्मा किंवा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची डिग्री असेल तर बेंगळूर. शिवाजी विद्यापीठाची असेल तर मुंबई. तुमचं आधार कार्ड खानापूरचं आहे की चंदगडचं, याला इथं किंमत नाही. बहिणीची डिग्री कोल्हापूरची आणि भावाची बेळगावची असेल तर एका घरातून दोन गठ्ठे दोन दिशेला जातात. एजंट दोन्ही एकाच ठिकाणी टाकतो आणि महिन्यानं एक परत येतो.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथं समकक्षता ठरवणारं सरकारी खातं नाही. डब्ल्यूईएस, ईसीई अशा खाजगी संस्था रिपोर्ट देतात. तीन वर्षांच्या भारतीय डिग्रीला पूर्ण बॅचलर म्हणायचं की तीन वर्षांचं शिक्षण म्हणायचं, यावर या संस्थांत एकमत नाही. डब्ल्यूईएस विद्यापीठाचा नॅक दर्जा आणि मिळालेला क्लास बघते. म्हणून आधी विद्यापीठाला विचारा की कोणत्या संस्थेचा रिपोर्ट घेता, मग पैसे भरा. रिपोर्ट ‘कोर्स-बाय-कोर्स’ काढायचा. नुसता ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ स्वस्त असतो पण त्यात विषयवार मार्क नसतात. पुढं नोकरीच्या एच-1बी व्हिसाला तीन वर्षांची डिग्री एकटी अपुरी पडते. तिथं तीन वर्षांचा त्याच क्षेत्रातला अनुभव एका शैक्षणिक वर्षाबरोबर धरायची तरतूद आहे. कॅनडाच्या इमिग्रेशनला जो ईसीए (डिग्रीच्या पातळीची तपासणी) रिपोर्ट लागतो तो पाच वर्षं चालतो. तेव्हा जायचं नक्की नसताना तो काढून कपाटात ठेवण्यात अर्थ नाही.

भाच्याला पुढं ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये इंजिनिअर म्हणून जायचं झालं तर आणखी एक गोष्ट लागते, ती आत्ताच बघून ठेवावी. इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांकडं मान्य करण्याच्या वॉशिंग्टन करारात भारत 2014 पासून आहे, एनबीए या कोर्सेसचा दर्जा तपासणाऱ्या मंडळामार्फत. पण एनबीएचं अ‍ॅक्रेडिटेशन दोन थरांत असतं. टियर-1 ऑटोनॉमस कॉलेजं आणि विद्यापीठांना, टियर-2 संलग्न कॉलेजांना. करारात धरतात ते फक्त टियर-1. कॉलेजच्या गेटवर ‘एनबीए अ‍ॅक्रेडिटेड’ असा मोठा बोर्ड असतो, त्यावर टियर लिहिलेला नसतो. शिवाय ते कॉलेजला नसतं, ब्रँचला असतं, आणि ठराविक वर्षांपुरतं असतं. एनबीएच्या यादीत आपली ब्रँच, आपलं पास होण्याचं वर्ष आणि टियर या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच त्याचा उपयोग. जुळल्या नाहीत तरी वाट बंद होत नाही, पण मग तिथल्या संस्थेकडं आपल्या कामाचे लांबलचक रिपोर्ट लिहून द्यावे लागतात.

नर्सिंगबद्दल प्रश्न नाही, पण बेळगावात दर दोन घरांमागं एक विचारणारा असतो म्हणून सांगतो. तिथं विद्यापीठाची समकक्षता जवळपास निरुपयोगी. जर्मनीत त्या-त्या राज्याचं कार्यालय तुमच्या सिलॅबसचे तास मोजतं आणि काय कमी आहे त्याची यादी लेखी देतं. मग हॉस्पिटलात राहून ते पूर्ण करायचं किंवा परीक्षा द्यायची. म्हणून विषयवार आणि वॉर्डवार तासांचं ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत उतारा) कॉलेजात असतानाच तयार करून घ्यावं. परदेशातून एमबीबीएस करून येणाऱ्यांना 2021 चे नियम लागू आहेत: किमान 54 महिन्यांचा कोर्स, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळेल अशी डिग्री, आणि परत आल्यावर परीक्षा व इथं पुन्हा 12 महिने. फी कमी म्हणून जाण्याआधी यातली परवान्याची अट त्या देशाच्या बाबतीत तपासा, पालक नेमकी तीच विसरतात.

इंग्लंडहून भाची परत आली तर तिच्या एका वर्षाच्या एम.एस्सी.ला इथं किंमत आहे का, हेही मामांनी विचारलंय. जुलै 2022 मध्ये भारत आणि ब्रिटनमध्ये एकमेकांच्या डिग्र्या मान्य करण्याचा करार झाला, त्यात ही मास्टर्स येते. इंजिनिअरिंग, मेडिकल, कायदा, आर्किटेक्चर यांसारख्या धंदेवाईक डिग्र्या मात्र वगळलेल्या आहेत. समकक्षतेचा कागद पूर्वी फक्त एआययू (भारतीय विद्यापीठ संघ) देत असे. एप्रिल 2025 मध्ये यूजीसीनं त्यासाठी स्वतःचे नियम काढले. सरकारी नोकरी, लेक्चररशिप किंवा पीएच.डी. प्रवेश, यांपैकी काही करायचं असेल तरच हा कागद लागतो. खाजगी कंपनी विचारत नाही.

राहता राहिलं कागदांचं. आपल्या भागातल्या अर्जांचा वेळ सगळ्यात जास्त खातात ते हे किरकोळ प्रकार.

‘पीयूसी’ या शब्दाचा अर्थ परदेशात ‘विद्यापीठाच्या आधीचा फाउंडेशन कोर्स’ असा घेतात. अर्जात ‘अकरावी-बारावी, राज्य परीक्षा मंडळ’ असं स्पष्ट लिहा. चंदगडची मुलं बारावी महाराष्ट्र बोर्डाची करून बेळगावात डिग्रीला येतात. त्यांच्या बारावीची पडताळणी कोल्हापूर विभागीय मंडळाकडून होते आणि डिग्रीची इथून. अर्जातल्या पडताळणीच्या पत्त्यात दोन्ही वेगळे लिहावे लागतात.

ट्रान्सक्रिप्ट कोण देणार, ते प्रवेशाच्या वर्षावर अवलंबून. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 चं, व्हीटीयू 1998 चं. त्याआधी ज्यांनी प्रवेश घेतला त्यांची डिग्री बहुधा धारवाडची, मग कॉलेज बेळगावच्या टिळकवाडीत असेना का. वयानं मोठे, आता मुलांकडं कॅनडाला निघालेले लोक इथं हमखास चुकीच्या दारात उभे राहतात. डिग्रीवरचं नाव वाचून निघा.

शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं. जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं आणि डिग्रीवर तिसरं स्पेलिंग असतं. यावर कोणी अर्ज फेटाळत नाही, पण पासपोर्टवर जे आहे तेच अर्जात सगळीकडं लिहा.

माणसाच्या नावाचं मात्र तसं नाही. आपल्याकडं मराठी शाळेत ‘पाटील सचिन मारुती’, कर्नाटकी पद्धतीनं ‘सचिन एम. पाटील’, आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. विद्यापीठं नाव दहावीच्या मार्क्स कार्डावरून उचलतात, त्यामुळे दहावीला चूक असेल तर ती डिग्रीपर्यंत येते. अ‍ॅफिडेव्हिटनं ती झाकता येते असं सांगणारे बरेच भेटतात. परदेशी तपासणीवाले कधी घेतात, कधी नाही. दुरुस्ती करायची तर दहावीपासून वर, त्याच क्रमानं, आणि पासपोर्ट शेवटी. भाच्याच्या डिप्लोमाच्या कार्डावर आडनाव आहे आणि बी.ई.च्या कार्डावर फक्त इनिशियल, असं असण्याची शक्यता बरीच. मामांनी आज संध्याकाळी दहावी, पीयूसी किंवा डिप्लोमा, डिग्री आणि पासपोर्ट हे चार कागद टेबलावर शेजारी ठेवून एकेक अक्षर बघावं. फरक निघाला तर आधी बोर्डाचा रस्ता धरावा, एजंटाचा नंतर.